सही कर, खरं मजकूर तुमचा तुम्ही लिहा

"मावशी, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. लेक आठवीत आहे, तेरा वर्षांची. सकाळची बस मागूनच भरून येते, आमच्या स्टॉपवर थांबत नाही. मागच्या आठवड्यात पंधरा-वीस पोरं रस्त्यावर बसली, त्यात ही पण. शाळा बुडली. आता शाळेनं तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलंय, माफीनामा मागितलाय, त्यावर पालकांची सही पाहिजे, नाहीतर टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) घेऊन जा म्हणायलेत. आमचे मालक म्हणतात सही कर आणि मिटव. लेक म्हणते मी चूक केलीच नाही. मी काय करू?"

अगं, पत्र वाचून आधी मला हसूच आलं. आपल्याकडं कुणी पुढारी यायचा असला की हीच पोरं दोन-दोन तास उन्हात रांगेत उभी करतात हातात झेंडे देऊन, त्या दिवशी गणिताचा तास बुडला म्हणून कुणाला वर्गाबाहेर काढल्याचं मी तरी ऐकलं नाही, उलट हजेरी भरलेली असते. म्हणजे तास बुडल्याचं एवढं दुःख नाहीच. पोरं न विचारता गेली, ते झोंबलंय.

खरं मास्तरांची बाजू पण बघ. शाळेच्या वेळेत पोर हायवेवर बसलेलं आहे, एखादा ट्रक अंगावर आला असता तर पहिला जाब त्यांनाच विचारला असता की नाही? मी स्वतः ८६ साली नववीत होते. कर्नाटक सरकारच्या कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन पेटलं होतं, आम्ही दोघी-तिघी घरात न सांगता शाळा बुडवून मोर्चात गेलो. त्याच जूनमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली, बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या स्मारकावर आजही दर १ जूनला लोक जमतात. आईनं मला आठवडाभर उंबऱ्याबाहेर सोडलं नाही. तेव्हा लई राग आलेला, आता तुझ्या जागी बसून बघते तर तिचंच बरोबर वाटतं. शाळेत मात्र बाईंनी त्या दिवसाची गैरहजेरी लावली, बुडलेला धडा मैत्रिणीच्या वहीतनं उतरून आणायला सांगितलं, आणि संपलं. कुठं गेली होतीस म्हणून वर्गासमोर विचारलं पण नाही. (माहीत होतं त्यांना. सगळ्या गावाला माहीत होतं.)

माझं म्हणणं तेवढंच आहे. गैरहजेरी लावा, ती खरीच आहे. अभ्यास भरून घ्या. सुट्टी न घेता गेलीस म्हणून दोन शब्द सुनवा. खरं बस मागितली म्हणून माफी? ती कशाबद्दल?

आणि लेकीला पण हे सांग की गैरहजेरीवर भांडू नकोस. डिसेंबर १९२४ ला आपल्या बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथंच, आणि त्याच गांधीजींनी १९२० ला असहकारात पोरांना सरकारी शाळा सोडा म्हटलं होतं. दर २ ऑक्टोबरला शाळा त्यांच्यावर भाषणं करायला लावते, मग ऐकून घ्यायला पण पाहिजे! खरं ते शिक्षा चुकवून पळत नव्हते, जेलात जाऊन बसायचे. तिला एक दिवस लाल शेरा मिळाला तर मिळूदे.

टीसीचं भ्या मनातनं काढून टाक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात चक्क लिहिलंय की आठवी पूर्ण होईपर्यंत पोराला शाळेतनं काढता येत नाही, आणि मारणं किंवा मानसिक त्रास देणं हे पण चालत नाही. तीन दिवस दाराबाहेर उभं करणं दुसरं काय आहे मग? आणि तास बुडवला म्हणून आणखी तीन दिवसांचे तास बुडवायचे, हा हिशोब मला तरी कळला नाही. हे हेडमास्तरांना सांगायचं, खरं चढ्या आवाजात नको, आणि फेसबुकवर तर अजिबात नको. एसडीएमसीतल्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीतल्या, कुणाला तरी बरोबर घेऊन जा. तिथं नाहीच ऐकलं तर बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिस आहे.

जायच्या आधी लेकीला जवळ घेऊन एक विचार, रागवायचं नाही. रस्त्यावर बसा हे कुणाच्या डोक्यातनं आलं? पोरांच्याच असलं तर ठीक. कुणी मोठ्या माणसानं पोरांना पुढं बसवून आपण मागं उभं राहून फोटो काढले असतील तर त्या माणसाला जाऊन भेट, पोरीला नको बोलूस.

आता सही. करायची, खरं त्यांचा छापील मजकूर नको. लेकीलाच तिच्या अक्षरात लिहू दे: "अमुक तारखेला मी परवानगी न घेता शाळेत गैरहजर राहिले, रस्त्यावर बसणं धोक्याचं होतं, परत असं न सांगता जाणार नाही. बस थांबावी ही आमची मागणी आहे." खाली तुझी सही. तुझ्या मालकांचं पण समाधान, पोरीची मान पण ताठ.

आणि मूळ दुखणं बसचं आहे ते विसरू नका. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचं तिकीट माफ झालं, चांगलंच झालं, मी पण फुकट फिरते, खरं बसा तेवढ्याच आणि गर्दी ही एवढी, मग ड्रायव्हर लांबूनच हात हलवून जातो. डेपो मॅनेजरला अर्ज द्या, गावातल्या सगळ्या पालकांच्या सह्या, किती पोरं, कुठला स्टॉप, किती वाजताची बस. त्यावर हेडमास्तरांची सही-शिक्का मागा, पोरं वेळेवर आली तर त्यांचाच फायदा आहे की. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, खाली मराठी प्रत जोडा. मी दर १ नोव्हेंबरला, आपला भाग महाराष्ट्रात यावा म्हणून पाळतात त्या काळ्या दिनाला, दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालणारी बाई, तरी सांगते, नुसत्या मराठीत अर्ज दिला तर भाषेवरनं वाद सुरू होतो आणि बस राहते बाजूला. पोच घ्यायला विसरू नको, तारीख घालून.

दोन्ही कागद एकदमच घेऊन हेडमास्तरांकडं जा. आणि मालकांना बरोबर ने, घरात बसून "मिटव" म्हणायला काय जातंय.