डॅलस की न्यू जर्सी: पोलीस आणि इमिग्रेशनची भीती किती खरी?

पुण्याहून कंपनी एल-१ व्हिसावर (कंपनीच्याच अमेरिकेतल्या ऑफिसात बदली) पाठवतेय, टेक्ससमधलं डॅलस किंवा न्यू जर्सी निवडायचंय, बरोबर बायको आणि चार वर्षांची मुलगी. टेक्ससमध्ये साधे पोलीससुद्धा इमिग्रेशनचे कागद मागतात असं ऐकलंय, तर तिकडे जावं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी दोन्हीकडे राहिलोय, सध्या डॅलसच्या उत्तरेला आहे. या भीतीपोटी डॅलस सोडू नका. पण तुमचे सासरे म्हणतात तसं ‘आपण कायदेशीर, आपल्याला काय’ म्हणून निर्धास्तही राहू नका.

बातम्यांत टेक्ससच्या एसबी-४ (सिनेट बिल ४) या एकाच नावाच्या दोन कायद्यांची सरमिसळ होते. ज्या एसबी-४ वरून इतका गदारोळ झाला तो डिसेंबर २०२३ चा. अधिकृत नाका टाळून परदेशातून टेक्ससमध्ये शिरणं त्याने राज्याचा गुन्हा ठरवला. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची वाट मोकळी केली आणि काही तासांतच अपील कोर्टाने तो पुन्हा अडवला. विमानतळावर रीतसर तपासणी होऊन येणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. तुमचा संबंध येऊ शकतो तो २०१७ च्या एसबी-४ शी. पोलिसांनी कायदेशीर कारणाने थांबवून ठेवलं असेल, तर ते इमिग्रेशनबद्दल विचारू शकतात. आणि अमुक माणसाला सोडू नका, अशी आयसीईने (केंद्राची इमिग्रेशनची धरपकड करणारी यंत्रणा) विनंती केली तर स्थानिक तुरुंगाने ती मानायची. २०२५ मध्ये टेक्ससने त्याही पुढे जाऊन तुरुंग चालवणाऱ्या शेरीफांना (काउंटीच्या पोलीसप्रमुखांना) आयसीईशी करार करणं बंधनकारक केलं. न्यू जर्सीत उलटं आहे. तिथल्या ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) २०१८ च्या आदेशाने पोलिसांच्या इमिग्रेशनच्या कामातल्या सहभागावर बरीच बंधनं आणली.

एकाच देशात इतका फरक चालतो, कारण सुप्रीम कोर्टाने राज्यं आणि केंद्र, दोन्ही बाजूंना लगाम घातलाय. २०१२ मध्ये ॲरिझोनाच्या कायद्यातली चारपैकी तीन कलमं रद्द झाली. इमिग्रेशन हा केंद्राचा विषय, राज्याने स्वतःचे समांतर गुन्हे तयार करायचे नाहीत. संशय आल्यास पोलिसांनी स्टेटस, म्हणजे देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा, तपासायचं कलम तेवढं राहिलं. आणि त्याआधी १९९७ मध्ये, बंदुकांच्या एका खटल्यात, कोर्टाने सांगितलं होतं की वॉशिंग्टनला राज्यांच्या पोलिसांना आपल्या कामाला जुंपता येणार नाही. टेक्ससचं भांडण पहिल्या निकालाशी आहे, न्यू जर्सीचा आधार दुसरा निकाल.

आता जे कुणी सांगत नाही ते. राज्य कुठलंही असो, अटक होऊन ठसे घेतले की ते एफबीआयमार्फत होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे इमिग्रेशन बघणाऱ्या केंद्राच्या खात्याकडे, जातात. न्यू जर्सीतही जातात. फरक पडतो तो त्यानंतर, तुरुंगातून सोडताना. म्हणून अटकेपर्यंत गोष्ट जाऊच द्यायची नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटकसुद्धा, शिक्षा होण्याआधी, व्हिसा रद्द व्हायला पुरते. लायसन्सचंही तसंच. तुमच्या लायसन्सची मुदत स्टेटसच्या तारखेला बांधलेली असेल. मुदतवाढीचा अर्ज पडून राहिला आणि लायसन्स संपलं, तरी लोक ऑफिसला गाडी नेतात. तसं करू नका.

मागे पोलिसांचे दिवे दिसले तर गाडी उजवीकडे घ्या, काच खाली करा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. डिकीतले किंवा सीटखालचे कागद आपणहून शोधायला लागू नका. लायसन्स आणि इन्शुरन्स मागतील, ते द्या. पुढे स्टेटस विचारलं तर खोटं मुळीच बोलू नका. नोंदणीचा पुरावा, म्हणजे तुमच्यासाठी आय-९४ (देशात कधी आलात आणि कधीपर्यंत राहू शकता याची नोंद), जवळ बाळगणं १८ वर्षांवरच्यांना केंद्राच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. प्रिंट काढून पाकिटात ठेवा. घर बदललं की दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवा, नव्या भाड्याच्या गडबडीत हे हमखास राहून जातं.

इथल्या मराठी घरांत हा विषय निघाला की ‘आम्ही रांगेत उभे राहिलो, ते घुसले’ हे वाक्य येतंच. ग्रीनकार्डसाठी ज्यांची उमेदीची वर्षं गेली त्यांचा राग मला कळतो. केंद्र सरकार सीमा सांभाळत नाही आणि भार आमच्या गावांवर पडतो, ही टेक्ससच्या सीमेवरच्या लोकांची तक्रारही खोटी नाही. पण ‘ते’ म्हणजे कोणी परके, असं समजू नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात परत पाठवलेले १०४ भारतीय होते, त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे.

तरी गावच्या पोलिसांकडे हे काम देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. आमच्या ओळखीतल्या एका मराठी मुलीला नवरा मारत होता. तिचे कागद पूर्ण होते, पण व्हिसा नवऱ्याच्या जिवावर. पोलीस बोलावले तर मलाच परत पाठवतील, या भीतीने तिने कित्येक आठवडे फोन केला नाही. तक्रारदाराला किंवा साक्षीदाराला, तपासासाठी गरज नसेल तर, स्टेटस विचारू नये अशी तरतूद २०१७ च्या त्याच कायद्यात आहे. तिला ते माहीत नव्हतं, आणि सांगणारंही कोणी नव्हतं. तुमच्या पत्नीला हे इकडे यायच्या आधी सांगा, तुमच्या घरात तशी वेळ कधीच येणार नसली तरी. त्यांच्या आय-९४ वर ‘एल-२एस’ (एल-१ वाल्याचा जोडीदार) असं लिहिलंय ना, तेही बघा. २०२१ पासून एल-२ वरच्या जोडीदाराला वेगळं वर्क परमिट लागत नाही, पण ते अक्षर चुकलं तर नोकरीच्या वेळी अडतं.

आणि मुलीचा पासपोर्ट आजच काढून तारीख बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि विमानतळावरचा अधिकारी बऱ्याचदा पासपोर्ट संपतो त्याच तारखेपर्यंतचं आय-९४ देतो. आईबापांना पुढची तारीख मिळते, मुलीची आधीच संपते, आणि पासपोर्टवरचा व्हिसा चालू दिसतो म्हणून लक्षात येत नाही. नूतनीकरण पुण्यातच करून घ्या. उतरल्यावर तिघांचीही आय-९४ वेबसाइटवरून काढून एकेक तारीख ताडून पाहा.