नव्या गावात जेवायला बसण्याआधी

रेटिंगचे तारे जरा बाजूला ठेवा. नव्या गावात पोचलात की आधी एक चक्कर मारा, तीही तिथल्या लोकांच्या जेवणाच्या वेळी. गर्दी किती आहे यापेक्षा कोणाची आहे ते बघा. सगळ्यांच्या पाठीवर सॅक आणि हातात कॅमेरे असतील तर पुढे चला. कामावरून आलेली माणसं मेनूकार्डाकडे न बघताच ऑर्डर देत असतील, तर तिथे टेका.

"इथे चांगलं काय मिळतं?" असं कोणाला विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" असं विचारा. ड्रायव्हर, दुकानदार क्षणभर थांबतात, मग खरं नाव निघतं. लांबलचक मेनूवर माझा तरी भरवसा नाही. एवढं सगळं ताजं कोण ठेवणार?

पोटाची काळजी मात्र घ्याच. शिजलेलं अन्न साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून कोमट पदार्थ नकोच, डोळ्यांदेखत शेगडीवरून उतरलेलं, वाफाळतं तेच घ्या. पहिल्या दिवशी थोडंच मागवा. आवडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जा. ओळख झाली की मेनूत नसलेलं काही आहे का, हेही बिनधास्त विचारता येतं.