कातीची छावणी आणि माजी सैनिक तुरे

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचे माजी राष्ट्राध्यक्ष आमादू तुमानी तुरे स्वतःच बंड करून आले होते. मग २०१२ मध्ये त्यांची खुर्ची लष्करी बंडात गेली, तर हळहळ कशाला?

बंड केलं, खरंय. पण पुढचं बघा. मार्च १९९१ मध्ये राजधानी बामाकोत निदर्शकांवर गोळ्या चालल्या, तेव्हा या लेफ्टनंट कर्नलनं २२ वर्षं ठाण मांडून बसलेल्या राष्ट्राध्यक्ष मुसा त्राओरेंना अटक केली. मग राष्ट्रीय परिषद भरवली, नव्या घटनेवर कौल घेतला, निवडणूक घेतली आणि जून १९९२ मध्ये निवडून आलेल्या आल्फा उमर कोनारेंच्या हाती कारभार देऊन बाजूला झाले. गणवेशातल्या माणसानं शब्द पाळल्याची उदाहरणं शोधून पाहा, फार सापडणार नाहीत. ‘लोकशाहीचा शिपाई’ हे बिरुद त्यांना तेव्हाच चिकटलं.

प्रश्न : मधली दहा वर्षं ते काय करत होते?

नारू! आपल्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. पायातून हळूहळू काडीवर गुंडाळून काढायचा तो जंत. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटर या संस्थेबरोबर तुरे आफ्रिकेत नारू निर्मूलनासाठी फिरत होते. पाणी कापडातून गाळून प्या, हे सांगायला माजी राष्ट्रप्रमुख येतो तेव्हा गाव ऐकतं. (भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला.)

प्रश्न : पक्षच नसताना दोनदा निवडून कसे आले?

२००२ मध्ये दुसऱ्या फेरीत सुमाइला सिसेंना हरवून, २००७ मध्ये पहिल्याच फेरीत. सगळ्यांना सोबत घेण्याचं राजकारण होतं ते. जवळपास प्रत्येक पक्षाला सत्तेत वाटा, म्हणून विरोधक नावालाच. लोकांना घरं दिली, त्या वसाहतींना त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘एटीटीबुगू’ म्हणतात; बुगू म्हणजे वस्ती. पण माझ्या मते त्यांचं दुखणंही इथेच होतं. सगळेच आपले म्हटलं की कुणालाच खडसावता येत नाही. २००९ मध्ये स्त्रियांना अधिक हक्क देणारा कुटुंब कायदा संसदेनं मंजूर केला. धार्मिक संघटनांनी बामाकोचं स्टेडियम भरवलं आणि तुरेंनी सही न करता तो परत पाठवला.

प्रश्न : निवडणूक महिन्यावर आलेली, तुरे उमेदवारही नव्हते. मग बंड कशासाठी?

उत्तरेतल्या पराभवांचा राग. २०११ मध्ये लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी पडल्यावर त्यांच्या फौजेत नोकरी केलेले तुआरेग (सहारातली भटकी जमात) लढवय्ये तिथून शस्त्रांसह मालीत परतले. जानेवारी २०१२ मध्ये उत्तरेत त्यांची बंडाळी पेटली, तिथल्या आगेलहोक गावी मालीचे अनेक सैनिक मारले गेले. सैनिकांच्या बायका रस्त्यावर उतरल्या : आमची माणसं दारूगोळ्याविना का पाठवता? २१ मार्चला संरक्षणमंत्री बामाकोशेजारच्या काती छावणीत समजूत घालायला गेले, तर त्यांच्यावर दगड आले. संध्याकाळपर्यंत त्याच छावणीतले सैनिक राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर चालून गेले. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बंडाचा म्होरक्या, कॅप्टन आमादू सानोगो. मतदान २९ एप्रिलला होतं, आणि दोन मुदती संपल्यानं तुरे तसेही निघालेच होते!

आणि मिळवलं काय? पुढच्या दहा-बारा दिवसांत किदाल, गाओ, टिंबक्टू ही उत्तरेतली तिन्ही शहरं बंडखोरांच्या हाती गेली. ज्या तक्रारीवरून बंड झालं, ती बंडानं दसपट केली.

प्रश्न : तुरेंचं पुढे काय झालं?

८ एप्रिलला राजीनामा, मग शेजारच्या सेनेगलची राजधानी डाकारला आसरा. देशद्रोहाच्या खटल्याची टांगती तलवार होती. २०१६ मध्ये संसदेनं खटला चालवायला नकार दिला आणि २०१७ च्या डिसेंबरात ते मायदेशी परतले. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच काती छावणीतून निघालेल्या सैनिकांनी राष्ट्राध्यक्ष इब्राहिम बुबाकार केइता यांनाही खाली खेचलं. सप्टेंबरात मुसा त्राओरे वारले आणि १० नोव्हेंबरला, इस्तंबूलमध्ये, तुरे.