आकाशात फुटलेल्या उल्केचा आकार आणि स्फोटाची ताकद कशी काढतात?

प्रश्न असा: कोथरूडच्या गच्चीवरून उल्का फुटताना दिसली, तर ती केवढी होती हे कसं कळणार? नुसत्या डोळ्यांनी नाही. 'सिंहगडामागेच पडली' म्हणणारे हमखास भेटतील, प्रत्यक्षात ती शंभर किलोमीटर लांबही असू शकते.

हिशोब उलटा करतात: आधी ऊर्जा, मग आकार. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेली उल्का घ्या. उपग्रहांनी मोजलेली प्रकाशऊर्जा सुमारे 90 किलोटन टीएनटीएवढी होती (1 किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी या स्फोटकाची ऊर्जा). पण प्रकाश हा एकूण ऊर्जेचा थोडाच वाटा, त्यामुळे एकूण अंदाज 440 किलोटन. (कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींवरूनही हा आकडा पडताळतात.) वेग गाड्यांमधल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणातून मिळाला: सेकंदाला 19 किलोमीटर.

आता शाळेतलं सूत्र, ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. 1 किलोटन म्हणजे 4.184 × 10¹² जूल. वस्तुमान येतं सुमारे 10,000 टन. दगडाची घनता पाण्याच्या 3.3 पट धरली, तर व्यास साधारण 18 मीटर, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा!

गंमत म्हणजे वेगात 10 टक्के चूक झाली तर वस्तुमान 20 टक्क्यांनी हलतं, पण व्यास घनमुळात असल्याने जेमतेम 7 टक्के.