पेटंट म्हणजे गुपित? अहो, नेमकं उलट!

प्रश्न असा आला आहे : 'कर्जमंजुरीची एक पद्धत आणि वाफेच्या इंजिनाची एक रचना, दोन्ही "पेटंट" आहेत असं वाचलं. म्हणजे त्या गुप्त असतात ना? आणि पेटंटला "एकस्व" म्हणावं का?'

गुप्त! हे ऐकून कान किटले. 'आमचा पेटंट फॉर्म्युला, कुणालाच ठाऊक नाही' असं जाहिरातवाले बिनदिक्कत ठोकून देतात. कुणालाच ठाऊक नसेल तर ते पेटंट नव्हे, आणि पेटंट असेल तर त्याचा तपशील कुणालाही वाचता येतो. ('त्याचा पेटंट विनोद' म्हणजे नेहमीचा, ठरलेला, हा अस्सल मराठी प्रयोग आहे, त्याच्या वाटेला मी जात नाही.)

उघडेपणा शब्दातच आहे. लॅटिनमध्ये 'पातेरे' म्हणजे उघडं असणं. इंग्लंडच्या राजाची काही पत्रं घडी घालून मोहोरबंद केलेली असत. ज्याच्या नावाची, त्यानेच फोडायची. काही मात्र उघडी, खाली मोहोर लोंबणारी, म्हणजे ती न फोडता कुणीही वाचावीत. ही दुसरी म्हणजे 'लितेरे पातेंतेस', उघडी पत्रं. राजा हक्क बहाल करी तो अशाच पत्रांनी, त्यावरूनच 'पेटंट'. आपल्याकडे याला सरळ 'अनावृत पत्र' म्हणतात! मंत्र्यांना अनावृत पत्र लिहिणारा प्रत्येक जण शब्दशः पेटंटच लिहीत असतो.

आता कुणीतरी म्हणणारच, 'पेटंट म्हणजे आपलं पत्रच की!' नाही. 'पत्र' आलं 'पत्' म्हणजे उडणे यावरून, पंख आणि मग पान. 'पातेरे'चं मूळ पसरणे, फाकणे. उच्चार जुळले म्हणून सोयरीक होत नाही.

'एकस्व' मला मुळीच पटत नाही. एक अधिक स्व, म्हणजे एकट्याची मालमत्ता. परिभाषाकारांनी मक्तेदारी तेवढी उचलली आणि उघडेपणा टाकून दिला. तपशील उघड करा आणि त्याबदल्यात मक्तेदारी घ्या, हा पेटंटचा व्यवहार. त्यातला अर्धाच गायब! हाताशी 'सनद' असताना ही कसरत कशाला? सनदही राज्यकर्त्याने द्यायची, शिक्क्यानिशी. आणि सनद दाखवावी लागते. पेटीत दडवलेल्या सनदेला विचारतो कोण? 'चार्टर्ड'ला आपण 'सनदी' म्हणतोच, आणि इंग्लंडच्या राजाची ती चार्टरंही अनावृत पत्रांच्याच जातीची. म्हणजे निम्मं भाषांतर आधीच झालेलं आहे, फक्त कुणाच्या लक्षात आलं नाही. मूळ अरबी धातूचा अर्थ तर बघा : टेकणे, आधार घेणे. आजच्या अरबीत 'सनद' म्हणजे कर्जरोखासुद्धा! विश्वासाने ज्यावर टेकावं ते सनद.

वाफेच्या इंजिनाचं म्हणाल, तर जेम्स वॉटने 1769 साली वेगळ्या संघनकाचं (वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भागाचं) पेटंट घेतलं, क्रमांक 913. त्याच्या तपशिलात एकही आकृती नव्हती. पुढे 1790च्या दशकात विरोधकांनी कोर्टात नेमकं तेच धरलं : हे नुसतं तत्त्व आहे, यावरून यंत्र बांधायचं कसं? अखेर 1799 मध्ये पेटंट टिकलं. पण भांडण कशावरून, तर पुरेसं उघड केलं का यावरून! 'गुप्त'वाल्यांनी हे दोनदा वाचावं. आणि हेच वॉटसाहेब दुसऱ्याच्या पेटंटपुढे अडले होते. चाक फिरवायला साधा क्रँक (मागे-पुढे हालचालीचं फिरणं करणारा वाकडा दांडा) हवा, तर 1780 साली जेम्स पिकार्डने त्याचं पेटंट घेऊन ठेवलेलं. मग वॉटने 1781 मध्ये दातेरी चाकांची 'सूर्य-ग्रह' जोडणी पेटंट केली.

हो, कर्जमंजुरी राहिलीच. तिथे 'नुसतं तत्त्व' हा आक्षेप फारच जड जातो. वाहनकर्जाचे अर्ज संगणकावरून अनेक सावकारांकडे धाडायच्या पद्धतीवर डीलरट्रॅक या कंपनीचं पेटंट होतं. 2012 मध्ये अमेरिकेत पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने त्यातले वादातले दावे (ज्यांवर मक्तेदारी सांगितली ते मुद्दे) 'अमूर्त कल्पना' म्हणून बाद केले.

आणि 'क्रेडिट' कुठून आलं ठाऊक आहे? लॅटिन 'क्रेदेरे', विश्वास ठेवणे. ते आणि संस्कृत 'श्रद्धा' सख्खी भावंडं आहेत, आणि ही सोयरीक मात्र खरी आहे.