गच्चीला आकाश दिसू द्या

प्रश्न : वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, पण महाबळेश्वरात पारा शून्याच्या वरच असतो. हे कसं? (सातारा)

निरभ्र रात्री गवताची पाती आपली उष्णता आकाशाला देत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते. ही उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) लहरींच्या रूपात निघते. त्यातल्या साधारण 8 ते 13 मायक्रोमीटर लांबीच्या लहरींना कोरडी हवा फारशी अडवत नाही, त्या थेट अवकाशात जातात. अठराव्या शतकात अलाहाबादेत असाच बर्फ करत. खड्ड्यात उसाची वाळकी ताटं पसरायची, वर पाण्याची उथळ मातीची भांडी मांडायची आणि पहाट होताच बर्फ गोळा करायचा. रॉबर्ट बार्कर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1775 साली याचं वर्णन लिहून ठेवलं. बाष्पीभवनाचीही मदत होत असणार, पण आकाश उघडं नसेल तर सगळं व्यर्थ.

प्रश्न : गच्चीला चुना मारला, तरी रात्री खोली तापलेलीच. (अकोला)

चुना वाया गेला नाही. तो ऊन परतवतो आणि अवरक्त उष्णता जवळजवळ काळ्या रंगाइतकीच बाहेर टाकतो. पण तुम्हीच लिहिलंय की गच्चीवर ताडपत्री कायम ताणलेली असते. सूर्य मावळला की ती गुंडाळा. नाहीतर स्लॅबला आकाशाऐवजी ताडपत्रीच दिसते. चुन्यावर धूळ साचली की तीही धुऊन टाका.

प्रश्न : गोठ्यावर नवा चकचकीत पत्रा आहे, तो रंगवावा का? (बारामती)

हो, पांढरा. चकचकीत धातू ऊन परतवतो, पण स्वतःची उष्णता सोडायला फार कंजूष असतो. जनावरं बोलून दाखवत नाहीत, म्हणून दुपारी पत्र्याखाली उभे राहून बघाच.

प्रश्न : भर उन्हात हवेपेक्षा गार राहणारा पृष्ठभाग निघालाय म्हणे. कोकणात चालेल? (रत्नागिरी)

2014 साली आस्वथ रमण आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तो करून दाखवला. 97 टक्के ऊन परतवून तो हवेपेक्षा 4.9 अंशांनी गार राहिला. पण ती हवा कॅलिफोर्नियाची, कोरडी. तुमच्याकडे मे महिन्यात हवेतली वाफच ती अवरक्त वाट बरीचशी बुजवते, ढग आले की उरलीसुरलीही बंद. त्यामुळे तेवढ्या अंशांची आशा धरू नका. ऊन परतवण्याचा फायदा मात्र दमट हवेतही मिळतो, आणि हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री आकाशही हात देतं. महागडा रंग घेण्याआधी दोन सारखे पत्रे उन्हात ठेवा, एकाला तो रंग आणि दुसऱ्याला साधा पांढरा. दुपारी तीनला दोन्हींच्या खालच्या बाजूला हात लावा. फरक जाणवला तरच पैसे मोजा.