आईच्या खात्यातून ‘मिनिमम बॅलन्स’चे पैसे कापले, ते परत मिळतील का?

मिळू शकतात. तुम्ही लिहिलंय की वर्षभरात चारदा पैसे गेले आणि मॅनेजर “सिस्टीमच कापते” म्हणतात. मलाही हेच ऐकवलं होतं. माझ्या आईचं पासबुक भरून आणलं, तर ओळीने २३६ च्या नोंदी: २०० दंड, ३६ जीएसटी. शेवटच्या नोंदीआधी खात्यात १४० रुपये होते, नंतर उणे ९६. जन्मात कुणाचं उसनं न ठेवलेली बाई बँकेची देणेकरी! रात्रभर झोपली नाही ती.

विनवण्या करू नका, दंडाआधी नोटीस दिल्याचा पुरावा मागा. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. शिल्लक कमी झाली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, भरणा करायला महिनाभर द्यायचा आणि मगच दंड लावायचा. तोही जेवढी तूट त्या प्रमाणात. आणि नुसत्या या दंडापायी खातं उणे होता कामा नये.

आमच्या शाखेत म्हणाले, एसएमएस गेलाय. मी विचारलं, कुठल्या तारखेला, कुठल्या नंबरवर? उत्तर नाही. मग साध्या कागदावर अर्ज लिहिला: प्रत्येक कपातीची तारीख, रक्कम, परिपत्रकाचा उल्लेख, आणि ‘नोटीस दिल्याचा पुरावा द्या, नसेल तर रक्कम जीएसटीसह जमा करा’. झेरॉक्सवर शिक्का आणि सहीनिशी पोच घेतली. ती सोडू नका, तोंडी तक्रारीचा पुढे काडीचा उपयोग होत नाही. तीन आठवड्यांत पैसे जमा झाले.

तुमच्याकडे ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. सीएमएस पोर्टलवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, तक्रार करता येते, एक पैसाही लागत नाही, वकील नको. अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या मदत क्रमांकावर फोन करा. मात्र बँकेत लेखी तक्रार न करता थेट तिकडे गेलात तर अर्ज परत येतो.

आईच्या खात्यात एवढी शिल्लक नेहमी राहणार नसेल, तर त्याच अर्जात ते ‘बेसिक बचत खातं’ करून मागा. त्याला किमान शिलकीची अटच नसते. फक्त त्या बँकेत त्यांचं दुसरं बचत खातं नसावं.